थोडीशी नर्व्हस

मार्लीन पेनरला दुसऱ्याच्या तोंडात नेमका शब्द ठेवून द्यायची भारी हौस होती. जन्मभर तिसरीच्या पोरांना शिकवलेली बाई. निवृत्त झाल्यावर ती स्वस्थ बसेल असं ब्रँडन शहरात कुणालाच वाटलं नव्हतं. गावात परदेशातून आलेली माणसं वाढली. कुणी मांसाच्या कारखान्यात लागली, कुणी हॉटेलात, कुणी म्हाताऱ्याकोताऱ्यांची सेवा करायला. तेव्हा मार्लीनने चर्चच्या तळघरात त्यांच्यासाठी इंग्रजीचा वर्ग सुरू केला. दर मंगळवारी दुपारी. फी नाही, परीक्षा नाही, वर कॉफी आणि तिच्या हातचा आलुबुखाराचा केक.

त्या मंगळवारी भीतीचा पाठ होता. मार्लीनने फळ्यावर एकाखाली एक शब्द लिहिले: नर्व्हस, अफ्रेड, स्केअर्ड, फ्रायटन्ड, टेरिफाइड.

"सगळ्यांचा अर्थ भीतीच," ती म्हणाली, "पण एकाच्या जागी दुसरा बसत नाही. मुलाखतीला जाताना पोटात कालवाकालव होते ना, ते नर्व्हस. अफ्रेड म्हणजे साधं घाबरणं. स्केअर्डही तेच, पण घरातल्या बोलण्यातलं. अचानक काही दिसलं आणि छातीत धस्स झालं, तर फ्रायटन्ड. आणि पाचावर धारण बसली, बोबडी वळली, की टेरिफाइड. हा शब्द जपून वापरायचा. ऊठसूट वापरला तर लोक म्हणतील, ही फार नाटकं करते."

मग तिने अफ्रेडच्या खोड्या सांगितल्या. हा शब्द माणसाच्या आधी येत नाही. 'फ्रायटन्ड मॅन' चालतो, 'अफ्रेड मॅन' चालत नाही. आणि कुणी 'आय अॅम अफ्रेड, बस गेली' म्हणालं, तर तो बसला घाबरलेला नसतो. वाईट बातमी हळूच सांगायची ती रीत.

ओलेह नावाचा युक्रेनचा ट्रकवाला पहिल्या बाकावर बसायचा. त्याने डोकं खाजवलं. "म्हणजे हे लोक घाबरलेले नसताना म्हणतात घाबरलो. मग खरंच घाबरल्यावर काय म्हणतात?"

"म्हणतात, मी अगदी मजेत आहे," मार्लीन म्हणाली, आणि सगळा वर्ग हसला.

मागच्या बाकावरची सेनाइत तेवढी हसली नाही. सेनाइत एरिट्रियाची, तिशीतली, अंगाने बारीक आणि बोलायला त्याहून कमी. शेवटचा शब्द ती ओठांतल्या ओठांत पुन्हा पुन्हा म्हणून पाहत होती.

वर्ग सुटल्यावर ती मागे थांबली. मार्लीन कप विसळत होती.

"बाई, एक काम होतं. ऑफिसात फोन करायचाय. काय बोलायचं ते मी जुळवलंय. तुम्ही एकदा ऐकता?"

ऑफिस म्हणजे घरोघरी सेवेला बायका पाठवणारी एक संस्था. तिथलं काम सेनाइतला मार्लीनच्याच शब्दावर मिळालं होतं. पहिलं घरही मार्लीननेच सुचवलं होतं: हेझल उंगरचं. हेझल ही मार्लीनची जुनी मैत्रीण. चर्चच्या गाण्यात दोघी वर्षानुवर्षं शेजारी उभ्या राहायच्या. हेझलचं कमरेचं हाड मोडलं होतं. तिला उठवायला, न्हाऊ घालायला, मोजे चढवायला कुणीतरी हवं होतं.

"बोल की," मार्लीन म्हणाली.

सेनाइत सरळ उभी राहिली, शाळेत कविता म्हणायला उभं राहतात तशी. "मी सेनाइत. हेझलबाईंच्या घरी जाते. तिथे कुत्रा आहे. मी त्या कुत्र्याला टेरिफाइड आहे. त्याला बांधा, नाहीतर मला दुसरं घर द्या."

मार्लीनच्या हातातला कप तसाच राहिला. "टकरला? टकरला टेरिफाइड?"

टकर तिच्या ओळखीचा. पिल्लू होता तेव्हापासून ती त्याला टेबलाखालून बिस्किटं घालत आली होती. मोठा, तपकिरी, लाळगळ्या, सोफ्यावर आडवा पसरणारा कुत्रा. तिच्या स्वतःच्या घरात कुत्रा नाही असं एक वर्ष गेलं नव्हतं. आणि कुत्र्याला घाबरणाऱ्या माणसांबद्दल तिच्या मनात, ती कधी बोलून दाखवत नसली तरी, जराशी कीव होती.

"अगं, तो माशीसुद्धा मारत नाही. आणि हे बघ, टेरिफाइड म्हणालीस की ऑफिसातली डार्सीबाई हेझलला फोन करणार. हेझलला वाटणार, माझ्या टकरला ही राक्षस समजते. नवरा गेल्यापासून त्या कुत्र्यावर तिचा जीव आहे. शिवाय तू कामावर नवी. नव्या माणसाने पहिल्याच महिन्यात एवढा मोठा शब्द टाकू नये."

"मग कुठला टाकू?"

मार्लीनने कप पालथा घातला, हात पुसले आणि खरोखर मन लावून विचार केला. हेच तिला पुढे सर्वांत जास्त डाचत राहिलं. तिने घाईने, सहज असं काही सांगितलं नव्हतं. स्केअर्ड नको, लहान मुलासारखं वाटतं. अफ्रेड बरा, पण जरा कोरडा. "असं म्हण," ती शेवटी म्हणाली, "'मी कुत्र्यांच्या बाबतीत थोडीशी नर्व्हस आहे.' ऐकायला गोड लागतं. कुणाला टोचत नाही."

"थोडीशी?" सेनाइतने विचारलं.

"ते नुसतं म्हणायचं असतं गं. इथली रीत आहे."

सेनाइतने तिथेच, तळघराच्या जिन्यापाशी उभं राहून फोन लावला. मार्लीन समोर मान डोलावत होती, जसं पोरगं पाठ म्हणताना आई डोलावते. सेनाइत म्हणाली, मी कुत्र्यांच्या बाबतीत थोडीशी नर्व्हस आहे. पलीकडून डार्सीचं हसणं मार्लीनलाही ऐकू आलं. "सगळ्याच असतात गं सुरुवातीला! नाताळपर्यंत बघ, तुझ्यामागे शेपटी हलवत फिरेल."

फोन ठेवून सेनाइतने मार्लीनकडे पाहिलं. मार्लीनने टाळी वाजवली. "एक चूक नाही! अगदी इथे जन्मल्यासारखी बोललीस."

पुढच्या मंगळवारी तिने विचारलंही, "काय म्हणतो टकर?" सेनाइत म्हणाली, "ठीक आहे." मार्लीनने ते ऐकलं आणि केक कापायला लागली.

नोव्हेंबर सरत आला होता. एका सकाळी हेझलचा फोन आला. आवाज ओळखू येईना. "मार्लीन, लवकर ये. टकर तिला चावला. आणि ती बाई, अगं, अशी किंचाळतेय, मला काही कळेना झालंय."

मार्लीनने नुसता कोट अडकवला आणि गाडी काढली. झालं होतं असं: मोजे घालताना हेझलचा दुखरा पाय वळला आणि ती ओरडली. सोफ्यावरून कुत्रा उठला, आला आणि त्याने सेनाइतचा हात धरला. मालकिणीला कुणीतरी इजा करतंय एवढंच त्याला कळलं असावं. सोडवता सोडवता मनगटापासून कोपरापर्यंत फाटलं होतं. मार्लीन पोचली तेव्हा टकर न्हाणीघरात कोंडलेला होता आणि सेनाइत स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती. हाताला टॉवेल गुंडाळलेला. आता ती किंचाळत नव्हती. डोळे भिंतीला लावून आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटत होती.

गाडीत ती एवढंच बोलली, "बाई, मी मरणार."

"छे गं! टाके पडतील, झालं. हातच आहे."

"माझा भाऊ यमाने, तो पण असाच गेला. हातच होता."

यमाने तिचा धाकटा भाऊ. गावी पिसाळलेला कुत्रा त्याला चावला. जखम भरली, पोरगा खेळायला लागला, सगळे विसरले. मग एक दिवस पाण्याचा पेला बघून तो किंचाळला. त्याला चर्चच्या पवित्र पाण्याने आंघोळ घालायला नेलं, तर पाण्याच्या आवाजानेच तो वेडापिसा झाला. शेवटी खाटेला बांधून ठेवला. घरातली मोठी माणसं खोलीत जाईनात. तोंड पुसायला सेनाइत जायची.

हे सगळं तिने तुटक तुटक, काळ-बिळ चुकवत सांगितलं. मार्लीन गाडी चालवत होती. सिग्नल हिरवा झाला तरी गाडी पुढे गेली नाही आणि मागच्याने हॉर्न वाजवला. भीती केवढी आहे हे आपण सेनाइतकडून मोजून घेतलं, ती पुष्कळ आहे असं तिने सांगितलं तर कमी करून दिलं. पण भीती कशाची, हे एकदाही विचारलं नाही. कप विसळता विसळता एवढा एक प्रश्न विचारता आला असता.

इस्पितळात डॉक्टरांनी सांगितलं, कुत्र्याला लस टोचलेली आहे, कागद आहेत, पिसाळण्याचा प्रश्नच नाही. सेनाइतने मान हलवली, पण तिचा विश्वास बसला नाही हे दिसतच होतं. टाके घालायची तयारी करताना नर्सने मार्लीनकडे वळून हलक्या आवाजात विचारलं, "जरा नर्व्हस आहे का ही?"

मार्लीनने तोंड उघडण्याआधी सेनाइतच म्हणाली, "मी मजेत आहे."

आठवड्याभराने डार्सीने मार्लीनला ऑफिसात बोलावलं. शिफारस तिची होती, म्हणून. डार्सी चाळिशीची, भरभर बोलणारी, वाईट बाई नव्हे. तिच्यावर तिच्या वरच्यांचा दाब होता.

"पेनरबाई, मी तुम्हाला स्पष्टच सांगते. आमचा नियम आहे. एखादी म्हणाली, मला कुत्र्याची खरोखर भीती वाटते, की कुत्रा दुसऱ्या खोलीत बंद. घरचे तयार नसतील तर आम्ही माणूस पाठवतच नाही. पण ही मला काय म्हणाली? थोडीशी नर्व्हस! आता थोडीशी नर्व्हस तर मीपण असते. हेझलबाई पण तेच म्हणतात. म्हणतात, तिने सांगितलं असतं तर मी बांधला नसता का?"

"तिला खूप भीती वाटत होती," मार्लीन म्हणाली.

"मग सांगता आलं पाहिजे ना! इंग्रजी कच्चं आहे तिचं. जिला स्वतःची भीती सांगता येत नाही, ती उद्या पेशंटचं दुखणं कसं सांगणार? मी तिला काढत नाही, थांबवून ठेवते. तुम्ही तिला अजून शिकवा. तयार झाली असं तुम्हाला वाटलं की मला कळवा."

त्याच क्षणी बोलायला हवं होतं. वाक्य जिभेवर होतं: ते शब्द तिचे नव्हते, माझे होते. पण मार्लीनच्या डोळ्यांपुढे हेझल आली, चर्चमधल्या बायका आल्या, 'पेनरबाईंनी असं सांगितलं म्हणे' अशी कुजबूज आली. ती म्हणाली, "बरं. शिकवते." आणि पर्स उचलून बाहेर पडली.

घरी येऊन ती कोट न काढता खुर्चीवर बसून राहिली. जन्मात तिने हजार पोरांच्या चुका दुरुस्त केल्या होत्या. बरोबर असलेलं उत्तर खोडून चुकीचं लिहायला लावलं आणि मग पोराला नापास होताना गप्प बघितलं, असं आजवर झालं नव्हतं.

हेझलकडे गेली तर हेझलचं वेगळंच चाललेलं. "माझा टकर असा नाहीच गं. घाबरलेल्या माणसाचा वास येतो कुत्र्यांना. एवढी घाबरत होती तर आरडाओरडा करायचा होता. खरं घाबरलेलं माणूस काय गोड बोलतं का?"

"हेझल," मार्लीन म्हणाली. आणि पुढे म्हणाली, "चहा टाकू?"

मंगळवारी सेनाइत वर्गाला आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तेव्हा मार्लीन केक घेऊन तिच्या खोलीवर गेली. तिसऱ्या मजल्यावर एका एरिट्रियन बाईबरोबर भागीत सेनाइत राहायची. दुसरी कामावर गेली होती. सेनाइतने दार उघडलं, तिला बसवलं आणि एका हाताने कॉफी भाजायला घेतली.

"राहू दे गं, हाताला त्रास."

"पाहुणा आलाय," सेनाइत म्हणाली. तेवढं बोलणं पुरेसं होतं.

दाण्यांचा धूर खोलीभर झाला. मातीच्या चंबूतून तिने डाव्या हाताने लहानशा वाट्यांत कॉफी ओतली, थोडी सांडली. दोघींनी पहिली वाटी संपवली.

मग सेनाइत म्हणाली, "डार्सीबाई म्हणतात, मला इंग्रजी येत नाही. मी किती विचार करते, बाई. मी काय म्हणायला हवं होतं?"

मार्लीनने वाटी खाली ठेवली. "तू काही चुकलेली नाहीस."

"चुकले असणार. नाहीतर काम का गेलं?"

"तू आणलेला शब्द बरोबर होता," मार्लीन म्हणाली. "टेरिफाइड. तोच बरोबर होता. तो मी काढला. मला हेझलची पडली होती, त्या कुत्र्याची पडली होती. तुझी नव्हती."

सेनाइतने चंबू पुन्हा निखाऱ्याच्या शेगडीवर ठेवला.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"तो शब्द बरोबर आहे ते. तुम्ही फळ्यावर लिहिण्याआधीच मी शोधून ठेवला होता. पण तुम्ही टीचर. इतकी वर्षं इथल्या. मला वाटलं, या देशात थोडंसंच घाबरायची परवानगी असेल. त्याहून जास्त घाबरलं तर परत पाठवत असतील."

मार्लीनने तोंडावर हात ठेवला.

"रडू नका," सेनाइत म्हणाली. आवाज मऊ नव्हता. "मला एक सांगा. हे तुम्ही डार्सीबाईंना सांगितलं?"

"नाही."

"त्यांनी तुम्हाला बोलावलं होतं. मला माहीत आहे. तेव्हा?"

"तेव्हाही नाही."

"का?"

मार्लीनला कितीतरी शब्द येत होते. त्यातला सगळ्यांत साधा तिने निवडला. शेवटी ती म्हणाली, "घाबरले."

"थोडंसं?" सेनाइतने विचारलं.

टोमणा नेमका लागला. सेनाइतने दुसरी वाटी ओतली, ती दोघींनी प्यायली. एरिट्रियन घरांत पाहुण्याला कॉफी तीनदा ओततात. त्या दिवशी तिसरी ओतली गेली नाही, आणि मार्लीन आपणहून उठली.

ती तिथून थेट ऑफिसात गेली. वाटेत थांबले तर पुन्हा कच खाईन, हे तिला ठाऊक होतं. डार्सी दुसऱ्या फोनवर होती. मार्लीन समोर उभी राहिली, बसली नाही. मग सगळं सांगितलं. सेनाइत काय म्हणणार होती, आपण काय म्हणायला लावलं, फोन लावला तेव्हा आपण समोर मान कशी डोलावत होतो, सगळं. आणि गेल्या भेटीत गप्प राहिलो तेही.

डार्सी खुर्चीत मागे रेलली. "तेव्हा सांगितलं असतंत तर तिचे इतके दिवस फुकट गेले नसते."

"हो."

"आणि मी तिला इंग्रजी शिकून ये म्हणाले! तुमच्याकडे!"

"हो," मार्लीन म्हणाली.

सेनाइतला पुन्हा काम मिळालं. एका निवृत्त टपालवाल्याच्या घरी, जिथे फक्त पोपट होता. पण प्रकरण आता नीट चौकशीत गेलं, आणि ऑफिसने हेझलला कळवलं की कुत्रा घरात असेपर्यंत माणूस मिळणार नाही. हेझलचा मुलगा विनिपेगच्या बाजूला शेतावर राहतो; तो येऊन टकरला घेऊन गेला. नाताळच्या आधीचीच गोष्ट. मार्लीनने हेझललाही खरं सांगितलं. हेझलने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे माझे मोजे चढवायला माणूस तू आणलंस, त्याला मुकं तू केलंस, आणि कुत्रा गेला माझा." गाण्याच्या वेळी ती आता दुसऱ्या टोकाला खुर्ची मागून घेते.

ऑफिसची माणसं तिने नाकारली. "नको मला कुणी," म्हणाली. म्हणून मार्लीनच सकाळी जाऊ लागली. हेझल दार उघडते, बोलत नाही, पाय पुढे करते. मार्लीन गुडघे टेकून मोजे चढवते. सोफ्यावरचे तपकिरी केस अजून कुणी झाडलेले नाहीत.

सेनाइत मंगळवारच्या वर्गाला परत आली नाही. मार्चमध्ये, बर्फ वितळून रस्त्यांवर चिखल झाला तेव्हा ती बसथांब्यावर दिसली. मार्लीनने गाडी थांबवली, काच खाली केली.

"वर्गाला ये ना. ओलेह विचारत असतो."

"नाही, बाई. मी कॉलेजात जाते आता, संध्याकाळी. तिथली मास्तरीण बरी आहे. मी बोलते ते ऐकते, आणि काळ चुकला तर तेवढा सांगते."

"चांगलं आहे," मार्लीन म्हणाली. गाडीत चल म्हणावं असं तिच्या मनात आलं, पण म्हणाली नाही. "हात कसा आहे?"

सेनाइतने बाही जरा वर सारली, बघितलं, खाली ओढली. "थंडीत दुखतो. हेझलबाई कशा आहेत?"

"बऱ्या आहेत. चालतात जरा."

"त्यांना सांगा, मी विचारलं. आणि सांगा, हात बरा झाला."

बस आली आणि ती चढली.

दुसऱ्या सकाळी मार्लीनने पहिला मोजा घोट्यापर्यंत चढवला आणि मान वर न करता म्हणाली, "सेनाइत भेटली होती. तुझी चौकशी करत होती. हात बरा झाला म्हणाली. थंडीत दुखतो."

शेवटचं वाक्य सेनाइतने पोचवायला सांगितलं नव्हतं. पण या वेळी काही कमी करून सांगायचं नाही असं मार्लीनने रात्रीच ठरवलं होतं.

हेझल खिडकीकडे बघत राहिली. थोड्या वेळाने तिने दुसरा पाय पुढे केला.